भाकड म्हणून विकण्याआधी

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पत्र लिहिलं आहे. यजमान तीन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून गावी आले. आंब्याची कलमं थोडी, म्हणून जोडधंद्याला एकेक करत चार मुऱ्हा म्हशी घेतल्या. आधी त्या जुन्या मांगरात असत. गेल्या वर्षी कर्ज काढून नवा गोठा बांधला. तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, खाली कोबा. घाण पाण्याने कास खराब होते म्हणून तेव्हापासून म्हशींना व्हाळावर (ओढ्यावर) नेणं बंद केलं. रोज सकाळी पाइपने धुतात. डिसेंबरपासून शिमग्यापर्यंत मात्र त्या गावच्या गुरांबरोबर मोकळ्या मळ्यात चरायला जात होत्या.

अडचण दोघींची आहे. चंद्री दिवाळीनंतर आठवड्याभरात व्याली. व्याल्यावर पडणारी वार (जार) अडकली होती, ती कुणीतरी हाताने ओढून काढली. साडेसहा महिने झाले, ती माजावर आलेली कुणी पाहिली नाही. दूध चार लिटरवर आलं आहे. मैना माजावर येते, पण उलटते, म्हणजे भरूनही गाभण राहत नाही. २० फेब्रुवारी, १३ मार्च, २४ एप्रिल आणि १५ मे अशी चार वेळा कांडी भरली, म्हणजे गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन केलं. दर वेळी पहाटे धारेला ती रेकताना दिसली, फोन केला, आणि अकरा-बाराच्या सुमारास रेतन झालं. उरलेल्या दोघींपैकी एक गाभण आहे, एक शिमग्यात व्यालेली.

यजमान म्हणतात, मुऱ्ह्याला कोकणची हवा मानवत नाही, पाऊस लागायच्या आत दोघींना विकून टाकू. एक लाख दहा हजारांना घेतलेल्या म्हशीचे व्यापारी पंचेचाळीस हजार देतो आहे. ताईंना वाटतं कांड्याच खराब आहेत, रेडा आणावा. सासूबाई म्हणतात नव्या गोठ्याला दृष्ट लागली, देवाला गाऱ्हाणं घालूया, आणि मधूनमधून पुटपुटतात, "म्हशीक पाणी होया गो." ताईंचा प्रश्न आहे, "विकू की थांबू? माझ्या शब्दावर थांबलो आणि दोघी तशाच राहिल्या, तर मला घरात बोलायला तोंड राहणार नाही."

ताई,

तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात याचा मला फार आनंद झाला. तीस वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गोठ्यांतून फिरलो. "साहेब, म्हैस उलटते" असं सांगणारे पुष्कळ भेटले. कोणत्या तारखेला उलटली हे सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती वही जपा. निम्मं उत्तर तिच्यातच आहे, त्याकडे मी येतो.

आधी मला सांगा, चंद्री भाकड आहे हे ठरवलं कुणी? डॉक्टरांनी हात घालून तपासल्याचं पत्रात कुठे नाही. ती माजावर दिसली नाही एवढंच आपल्याला माहीत आहे. डिसेंबर ते शिमगा ती गावच्या गुरांत होती, आणि गावच्या गुरांत रेडे असतातच. म्हैस मळ्यात कधी फळली हे घरी कळतही नाही, कारण ती संध्याकाळी नेहमीसारखी दावणीला येऊन उभी राहते. माझ्या नोकरीच्या काळात राजापूरच्या बाजूला एका घराने अशीच एक म्हैस पावसाच्या तोंडावर विकली. घेणाऱ्याने तपासून घेतली तेव्हा ती पाच महिन्यांची गाभण निघाली. कार्तिकात ती दुसऱ्याच्या दारात व्याली. त्या घरातल्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "पैशाचं जाऊ दे, पण वासराएवढी होती तेव्हापासून माझ्या हातचं खाल्लं होतं तिने." ते बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, चंद्रीची गर्भतपासणी झाल्याशिवाय व्यापाऱ्याला हो म्हणू नका. गाभण निघाली तर विकायचा विषयच संपला.

गाभण नसली तरी तपासणीतून तीनपैकी एक गोष्ट कळेल, आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. वार ओढून काढली होती, तेव्हा गर्भाशयात पू साठलेला असू शकतो. माझा पहिला संशय तिथेच आहे. अडकलेली वार हिसडून काढली की आतल्या बाजूला इजा होते, तुकडे आत राहतात आणि गर्भाशय धुमसत राहतं. याला औषध आहे, फक्त ते डॉक्टरांच्या हातून व्हायला हवं. दुसरं, बीजांडं (बीज पिकवणारे अवयव) चालू असतील आणि माज मुका असेल. म्हणजे ती दर २१ दिवसांनी माजावर येते आहे, आपल्याला दिसत नाही. तिसरं, बीजांडं खरंच थंड पडली असतील. माजावर न येणारी म्हैस म्हटलं की लोक एकदम या तिसऱ्या गोष्टीवर उडी मारतात आणि "माजावर आणायचं इंजेक्शन द्या" म्हणतात. बीजांडं का थंड पडली ते न बघता दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा वाया जातं. इंजेक्शनाने चक्र एकदा हलतं. उकाडा आणि उपास तसेच राहिले तर पुन्हा थांबतं.

आता तुमच्या नव्या गोठ्याविषयी. तो तुम्ही दोघांनी किती हौसेने बांधला असेल हे मला कळतं, म्हणून जरा जपून सांगतो.

उद्या दुपारी तीन वाजता हातातलं काम बाजूला ठेवून गोठ्यात म्हशींच्या मधोमध पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. मग घड्याळ लावून मैनेच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजा. निवांत म्हशीचे मिनिटाला साधारण १५ ते २५ श्वास होतात. आकडा चाळिशीच्या पुढे गेला तर तिची सगळी ताकद अंग थंड ठेवण्यातच खर्च होते आहे असं समजा. हेच रात्री नऊ-दहाला परत करा. माझ्या लेखी रात्रीचा आकडा जास्त मोलाचा. दिवसभर तापलेली म्हैस रात्री निवली तर ती सावरते. रात्रीही धापत असेल तर तिला विसावाच मिळत नाही.

एकदा अशाच एका गोठ्यात रात्री साडेनऊला स्टुलावर चढून मी पत्र्याला आतून हात लावला होता. चुलीवरून उतरवून थोडा वेळ झालेल्या तव्यासारखा तो कोमट लागला. बाहेर अंगणात खाडीवरचा वारा सुटला होता, घरातली माणसं खाटा टाकून गप्पा मारत होती. आणि आत चार म्हशी मान लांब करून, नाकपुड्या फुगवून उभ्या होत्या. बसलेली एकही नव्हती. वारा दहा पावलांवर होता आणि मधे भिंत होती.

म्हशीची कातडी काळी, अंगावर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फार थोड्या, साधारण सहावा हिस्सा. ऊन ती भराभर पिते. ते बाहेर टाकायचा तिचा मार्ग अरुंद आहे. डुंबण्याची तिची ओढ त्यातूनच आलेली. त्यात आपली कोकणची हवा. मे महिन्यात आपल्या दोरीवरचं जाड लुगडं संध्याकाळपर्यंत दमट राहतं, तेच सोलापुरात बघता बघता कडक वाळतं. मुऱ्ह्याच्या माहेरी, हरियाणातल्या हिस्सार-रोहतकला पारा ४४-४५ वर जातो, आपल्याकडे ३४-३५ वर थांबतो, म्हणून आपल्याला वाटतं की इथे म्हशीला सुखच आहे. पण तिकडच्या कोरड्या हवेत अंगावरचं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे ते पाणी अंगावरच बसून राहतं.

तापलेली म्हैस पहिलं काय करते, तर खाणं कमी करते. पोटात कमी गेलं की शरीर आधी जीव सांभाळतं, मग दूध, आणि वंश वाढवण्याचं काम सगळ्यात शेवटी. मेंदूकडून बीजांडाला जाणारे निरोप मंदावतात. बीज नीट पिकत नाही. पिकलं तरी माज इतका हलका येतो की रेकणं नाही, अस्वस्थपणा नाही. गर्भ राहिलाच तर पहिल्या काही दिवसांत त्याला आईच्या अंगची ती उष्णता सोसत नाही, तो जातो, आणि आपण म्हणतो कांडी लागली नाही. बीज पिकायला काही आठवडे लागतात, त्यामुळे वैशाखातली झळ आषाढ-श्रावणापर्यंत पुरते. पहिल्या सरीला माज सुरू झाला नाही म्हणून लगेच निराश होऊ नका, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

यजमानांचं म्हणणंही मी बाजूला सारत नाही. म्हैस ऋतूप्रमाणे माजावर येते हे खरं आहे. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली की मेंदूतल्या एका ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ पाझरतं, आणि त्यावर तिचं चक्र जागं होतं. म्हणून भाद्रपद ते माघ म्हशी जास्त फळतात, वैशाख-ज्येष्ठात कमी. पण हा कायदा हरियाणात जितका कडक आहे तितका आपल्याकडे नाही. हिस्सारला वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत साडेतीन तासांहून जास्त फरक असतो. देवगडला तो जेमतेम दोन तासांचा. विषुववृत्ताजवळच्या मुलखात चारापाणी चांगलं असेल तर म्हशी बारा महिने माजावर येतात. म्हणजे कोकणात सूर्याची सत्ता थोडी कमी आणि छप्पर, वारा, पाणी, वैरण यांची जास्त. त्या चारही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. यजमानांशी याच मुद्द्यावर बोला. हवा मानवत नाही हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपण भिंत बांधून वाढवलं आहे.

सासूबाईंना एकदा शांतपणे बसवून विचारा, त्यांच्या वेळच्या म्हशी दुपारी बारा ते चार कुठे असत. मला खात्री आहे, त्या सांगतील, व्हाळाच्या कोंडीत नाहीतर आंब्याखाली. मांगराला वर गवत होतं, बाजूंना कुडाच्या भिंती, वारा आरपार जात असे. त्यांची गावठी म्हैस तीन-चार लिटर द्यायची आणि वर्षा-दीड वर्षाने व्यायची. तुमची मुऱ्हा दिवसाला आठ-दहा लिटर देते. दूध बनवतानाही शरीरात उष्णता तयार होते, त्यामुळे तिला सावली आणि पाणी त्या जुन्या म्हशीपेक्षा जास्त हवं. आपण दिलं कमी. "म्हशीक पाणी होया" यात त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. गाऱ्हाणंही अवश्य घाला. माझी आई गुरांसाठी घालायची, आणि त्यानंतर घरातला प्रत्येक जण त्या गुराकडे जास्त लक्ष द्यायचा.

मी तुमच्या जागी असतो तर पश्चिमेची भिंत कमरेइतकी ठेवून वरचे चिरे उतरवले असते. चिरे वाया जात नाहीत, गडग्याला (कुंपणाच्या दगडी बांधाला) लागतील. पावसाची झड त्याच बाजूने येते म्हणून तुम्ही ती बंद केलीत हे दिसतं आहे. त्यासाठी वर गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा लावा. झड आली की सोडायचा, थांबली की वर. छपराच्या माथ्यावर गरम हवा निघून जाईल अशी फट ठेवून तिच्यावर वेगळी टोपी बसवता येते, गावातला सुतारही ते करील. पत्र्यावर नारळाची झापं किंवा पेंढा घालायला मात्र आत्ता सांगत नाही, पावसात कुजेल. पुढच्या शिमग्याला घाला, मृगाआधी काढा. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तरी फरक पडतो.

व्हाळाला कोंडीत अजून स्वच्छ पाणी असेल तर दुपारी दीड-दोन तास म्हशी न्या. कासेची तुमची काळजी योग्य आहे. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं, तेव्हा लगेच पाण्यात सोडू नका. धार झाली की पुढ्यात वैरण टाका, तासभर उभ्या राहू द्या, मग न्या. साचलेल्या, शेवाळलेल्या डबक्यात मात्र नाही. तिथल्या गोगलगायींमधून यकृतातल्या चपट्या कृमींचा फेरा चालतो, आणि भाताच्या पाणथळ मुलखात म्हशी खंगण्याचं ते एक मोठं कारण आहे.

व्हाळ आटला असेल तर पाणी आणि पंखा दोन्ही हवेत. सकाळचं एक धुणं पुरत नाही, कारण सकाळी ती तापलेलीच नसते. दुपारी बारा, तीन आणि रात्री झोपण्यापूर्वी अंग पूर्ण भिजेल असं पाणी मारा आणि लगेच पंखा तिच्या अंगावर सोडा. बंद गोठ्यात नुसतं पाणी मारलं तर आत वाफ कोंडते आणि हाल वाढतात. बारीक तुषार उडवणारे फॉगर कुणी विकायला आलं तर घेऊ नका. ते देशावरच्या कोरड्या हवेसाठी ठीक आहेत. आपल्याकडे हवेत आधीच ओल आहे, त्यात भर पडते. पिण्याचं पाणी सावलीत, चोवीस तास समोर. उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी म्हैस पोटभर पीत नाही. गाभण म्हशीलाही हे सगळं तितकंच लागू आहे. शेवटच्या दोन महिन्यांत तिला आटवा आणि गारव्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वेताला ती चंद्रीच्या वाटेने जाणार नाही.

वैरणीचं थोडं लिहितो, कारण आपली जमीनच अशी आहे. जांभ्या दगडाची लाल माती, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जमिनीतली खनिजं धुऊन जातात. तिथे उगवणाऱ्या गवतात स्फुरद (फॉस्फरस) कमी. त्यात सड्यावरचं गवत आपण कापतो ते फुलोरा येऊन, बी झडून, काडी झाल्यावर. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. म्हशीचं पोट भरलेलं दिसतं आणि आत उपास असतो. स्फुरद कमी पडलं की माज थांबतो. म्हैस हाडकं, चिंध्या, माती चघळू लागली तर ती त्याचीच खूण. आंबोणात (खुराकात) रोज ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ, खंड न पडता किमान तीन महिने. पुडी आणली, आठ दिवस घातली, विसरलो, असं नको. बांधावर शेवरी लावा, पेंढ्यात मिसळून तिचा पाला द्या. खुराकाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या. दुपारच्या उकाड्यात दिलेला तसाच पडून राहतो. जंताचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर हवं, पण ती गाभण आहे की नाही हे कळल्याशिवाय दुकानातून आणून पाजू नका. काही औषधं कोवळ्या गर्भाला घातक असतात.

पावसाळ्यात उकाडा कमी होतो, पण ओला कोबा, गोमाश्या आणि नुसतं कोवळं गवत खाऊन पातळ शेण, हे त्याचे त्रास. कोवळ्या गवताबरोबर पेंढा घालत राहा, बसायची जागा कोरडी ठेवा.

आता मैना. तुमच्या वहीतल्या तारखा मी पुन्हा पुन्हा बघितल्या. २० फेब्रुवारी ते १३ मार्च बरोबर २१ दिवस. २४ एप्रिल ते १५ मे, पुन्हा २१ दिवस. ज्या म्हशीचं चक्र उन्हाळ्यात इतकं घड्याळासारखं चालतं तिला भाकड म्हणू नये. मधलं अंतर मात्र ४२ दिवसांचं आहे. म्हणजे ३ एप्रिलच्या आसपास एक माज येऊन गेला असणार. तेव्हा तुमच्या घरी काय चालू होतं ते आठवा. आंबा उतरवणं, पेट्या भरणं, रात्रीची गाडी. घरात कुणाला म्हशीकडे बघायला वेळ होता? दुसरी शक्यता अशी की १३ मार्चला गर्भ राहिला होता आणि काही आठवड्यांत गेला. दोन्हींची मुळं उन्हाळ्यातच आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. म्हशीचा माज सहसा रात्री चढतो, सरासरी वीसेक तास टिकतो, आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर आणखी १० ते १४ तासांनी. पहाटे पाचला ती रेकताना दिसली आणि अकराला कांडी भरली, तर बीज सुटायला अजून बराच अवकाश असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम म्हशीला चोख लागू पडतो. दुसऱ्या दिवशीही माज टिकून असेल तर पुन्हा एकदा भरून घ्यावी. कांडी भरणाऱ्यांना चार गावं फिरायची असतात, ते त्यांच्या वाटेने येतात. त्यांना दोष देऊ नका, फोनवरच सांगा, "पहाटेचा माज आहे, संध्याकाळी पाचला या." कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये असते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून मगच भरायची. तेवढं पाणी थर्मासमध्ये तयार ठेवा, तेही खूश होतील. रेतनानंतर म्हैस सावलीत बांधा, अंगावर पाणी मारा, पुढचे सात-आठ दिवस तिला उन्हात चालवू नका.

चार वेळा उलटली आहे, म्हणून पुढच्या माजाला भरण्याआधी डॉक्टरांना तिचा सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, दाखवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, लांब तार धरणारा असेल तर ठीक. त्यात पांढरे कण किंवा पिवळट झाक असेल तर त्या माजाला भरायची नाही, आधी गर्भाशयाचे उपचार.

रेडा आणावा की नाही? माझं मत, दोन म्हशींसाठी नको. रेडाही त्याच उन्हात तापतो. बीज तयार व्हायला त्याला दोन महिने लागतात, त्यामुळे मे महिन्याची झळ बसलेला रेडा जुलैतही कमी पडू शकतो. शिवाय गावभर फिरणारा रेडा सांसर्गिक गर्भपातासारखे रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात नेतो. रेड्याचा एक गुण मात्र मानायला हवा. मुका माज त्याला कळतो, माणसाला कळत नाही. त्याची ती नजर आपण कमवायची. रात्री दहाला आणि पहाटे चारला बॅटरी घेऊन गोठ्यात फेरी. मागे कोब्यावर सोटाचा चकाकता डाग, वारंवार थोडी थोडी लघवी, शेपूट बाजूला, सड नेहमीपेक्षा टचटचीत, एका वेळच्या दुधात अचानक घट. चंद्रीला यातलं काही दिसतंय का ते आजपासून बघा. एकदा एक जण, एकदा दुसरा अशा पाळ्या लावा. यजमानांनाही पाळी द्या. रात्री गोठ्यात उभं राहिल्यावर तो पत्रा त्यांना मी सांगण्यापेक्षा चांगला कळेल.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण हप्ता तुम्हाला भरायचा आहे. तुम्ही कळवलंय की दूध न देणाऱ्या म्हशीवर दिवसाला १३० रुपये खर्च होतात. दिवाळीपर्यंत पाच महिने धरले तर एकीचे साडेएकोणीस हजार. चंद्री अजून चार लिटर देते आहे, म्हणजे तिचं खाणं ती सध्या तरी भागवते. आज पंचेचाळीसला विकून पुन्हा एक लाख दहाला घेतली तर एका म्हशीमागे पासष्ट हजार खिशातून जातात, आणि नवी म्हैस त्याच पत्र्याखाली येऊन उभी राहते. पावसाच्या तोंडावर व्यापारी पडत्या भावानेच मागतो. म्हणून दिवाळीपर्यंत थांबा, पण मुदत घालून थांबा. तपासणीत ज्या म्हशीच्या गर्भाशयाला न भरून येणारी इजा निघेल, तिला मायेपोटी ठेवू नका. तेव्हा विकणं हाच शहाणपणा. बाकीच्यांना नवरात्र ते दिवाळी हा त्यांचा खरा हंगाम मिळू द्या. दिवाळीच्या सुमारास फळलेली म्हैस ३१० दिवसांनी, म्हणजे पुढच्या गणपतीच्या आगेमागे विते. चाकरमान्यांनी भरलेल्या घरांना तेव्हा दूध किती लागतं, हे देवगडात तुम्हाला मी सांगायला नको.

घरात बोलायला तोंड राहणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. निर्णयाचा भार एकट्या घेऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा. डॉक्टर येतील त्या वेळी यजमान आणि सासूबाई दोघांनाही गोठ्यात उभं करा. तपासताना डॉक्टर काय सांगतात ते तिघांनीही एकत्र ऐका.

आणि ही तारीख आत्ताच वहीत लिहा. मैनेला १५ मे रोजी भरली आहे, म्हणजे २१ दिवस ५ जूनला पुरे होतात. ३ ते ७ जूनच्या रात्री गोठ्यात फेरी चुकवू नका. माज दिसला तर सोट तपासून त्या दिवशी संध्याकाळची वेळ धरा. काही दिसलं नाही तर २६ जूनच्या आसपास परत बघा. तेव्हाही ती शांत असेल तर १५ जुलैच्या सुमाराला, दोन महिने भरल्यावर, गर्भतपासणी करून घ्या आणि मला कळवा.